पिलू आणायच्या आधी



पौष लागला की तुरी काढणीला येतात, ज्वारी हुरड्याकडे झुकते आणि शाळेतून येणारी पोरे दप्तराबरोबर आणखी एक गाठोडे छातीशी धरून घरी येतात. गाठोड्यातून दोन डोळे आणि एक ओले नाक बाहेर आलेले असते. भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम. नऊ आठवड्यांचा गाभणकाळ धरला की कार्तिकात पिल्ले होतात आणि पौषात ती गल्लोगल्ली दुडदुडू लागतात. म्हणून हे दिवस पिलू घरी येण्याचे.

आता मला सांगा, म्हैस आणायची असली तर आपण काय करतो? आधी गोठ्यात जागा पाहतो, वैरणीचा हिशेब घालतो, दात पाहतो, सड पाहतो, धार कोण काढणार ते ठरवतो. मग बाजाराला जातो. कुत्र्याचे पिलू मात्र आधी घरात येते आणि मग आपण विचार करायला बसतो. कारण काय, तर ते फुकट मिळते. पण बंधूंनो, पिलू फुकट मिळत असले तरी फुकट वाढत नाही. आणि तयारी न करता आणलेल्या पिलाची किंमत कधीकधी घरातल्या लेकराला मोजावी लागते.

मी शेतीखात्याचा माणूस, गुरांचा डॉक्टर नव्हे. तुम्ही म्हणाल, हे पिकाचे सोडून कुत्र्याचे काय घेऊन बसले? त्याला कारण घडले, ते आधी सांगतो.

तेरखेड्याजवळची एक वस्ती

काही वर्षांपूर्वी असाच पौष होता. तेरखेड्याच्या शिवारात एका वस्तीवर तुरीवरची घाटे अळी पाहायला गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला. निघताना घरातल्या म्हातारीने हाक मारली. म्हणाली, "साहेब, जरा ह्या पोराला सांगा की. चार दिस झाले, हात खिशातून काढंना. जेवतंय बी डाव्या हातानं."

पोरगे असेल आठ-नऊ वर्षांचे. जवळ घेतले, गोडीने विचारले. बऱ्याच वेळाने त्याने हात बाहेर काढला. अंगठ्याच्या मुळाशी दातांच्या दोन खुणा होत्या. वर हळद भरून फडक्याची चिंधी बांधलेली.

"कशानं झालं रे?"

पोरगे बोलेना. मग म्हातारीच म्हणाली, "पिलू आणलं हुतं रस्त्यावरनं. परवा मेलं की ते. थंडीनं गेलं."

पिलू मरायच्या आधी कसे होते, ते विचारले. दोन दिवस पाणी पीत नव्हते, तोंडाला लाळ होती, खालचा जबडा लोंबत होता, आवाज घोगरा झाला होता. हे ऐकले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

पोरगे का बोलले नाही? पिलू आणले त्या दिवशी बापाने दम दिला होता, "चावलं-बिवलं तर उचलून रस्त्याला सोडून यीन." लेकराने मनात तोलले. दुखणे सोसलेले बरे, पण पिलू जायला नको. म्हणून हात खिशात.

तिथल्या तिथे चिंधी सोडली, वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुतला, पोराला आणि बापाला गाडीवर घेतले आणि सरकारी दवाखाना गाठला. लस टोचली, जखमेत प्रतिविषाचे इंजेक्शनही दिले. पुढच्या सगळ्या तारखा म्हातारीने कॅलेंडरवर खुणा करून पाळल्या. पोरगे वाचले. आज ते बापाच्या खांद्याला लागले आहे.

त्या पिलाला खरेच रेबीज होता की नव्हता, हे कधीच कळले नाही. पण या रोगात कळायची वाट पाहायची नसते. रोगाची लक्षणे एकदा माणसात दिसली की औषध नाही. त्याआधी उपाय केला तर माणूस हमखास वाचू शकतो. १८८५ च्या जुलैत फ्रान्समध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस दिली आणि तो पोरगा जगला. त्याला आता शंभराहून कितीतरी अधिक वर्षे झाली. तरीही आपल्याकडे माणसे या रोगाने जातात, ती बहुतेक वेळा लस नव्हती म्हणून नव्हे, सांगायला आणि जायला उशीर झाला म्हणून.

म्हणून घराची तयारी म्हणजे नुसते पोते अंथरणे नव्हे. पहिली तयारी घरातल्या माणसांच्या बोलण्यात करायची आहे. ती कशी, ते शेवटी सांगतो. आता बाकीची तयारी एकेक करून पाहू.

कोणते पिलू, किती दिवसांचे

आईचे दूध पिणारे, महिन्याभराचे पिलू उचलून आणू नये. निदान आठ आठवडे ते आई-भावंडांत राहू द्यावे. भावंडाला जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ सोडते. दात किती दाबायचा, हे पिलू तिथेच शिकते. लवकर तोडलेले पिलू हे शिकत नाही आणि पुढे तुमच्या पोरांचे हात फोडते.

पिलू पाहताना म्हैस पाहतो तसे पाहा. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही, आपण टाळी वाजवली की दचकते पण पुन्हा जवळ येते, असे पिलू चांगले. कोपऱ्यात गप पडलेले, लाळ गाळणारे किंवा विनाकारण चावत सुटलेले पिलू दया आली तरी उचलू नका. गुरांच्या दवाखान्यात कळवा.

काही जणांना कारवानी कुत्र्याची हौस असते. शेजारच्या लातूर जिल्ह्यातले जानवळ त्यासाठी ओळखले जाते. कुत्रे देखणे, पण ते पळण्यासाठी घडलेले आहे. साखळीला बांधून ठेवायचे असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि सशामागे सोडायचे मनात असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा आठवा. शिकारीला बंदी आहे. वस्तीच्या राखणीला आपले गावठी कुत्रे कमी नाही. आपल्या उन्हाला आणि आपल्या भाकरीला ते सरावलेले असते.

मादी पिलू नको म्हणून वेशीबाहेर सोडून येणारेही आहेत. मादी राखणीला नराइतकीच चांगली असते. साधारण सहा महिन्यांची झाली की नसबंदी करून घ्यावी, म्हणजे दर वर्षी पिल्ले कुठे सोडायची हा प्रश्न उरत नाही.

घर-अंगण गुडघ्यावर बसून पाहा

पिलाची नजर जमिनीपासून वीतभर उंच असते. तेवढ्या उंचीवरून एकदा घर पाहा. काय दिसते? कोनाड्याखाली उंदराचे औषध घातलेली भाकरीची गोळी. धान्याच्या कोठीजवळ पडलेली विषारी गोळीची पुडी. बीजप्रक्रिया करून उरलेले सोयाबीन. कोपऱ्यातली फवारणीची बाटली. थिमेटवर, म्हणजे फोरेटवर, २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, पण जुनी पिशवी अजून कुठल्या तरी छपरात अडकवलेली निघते. हे सगळे कुलपात गेले पाहिजे. जे पिलू खाईल, ते रांगते लेकरूही खाईल. पिलाच्या निमित्ताने घर आवरले तर फायदा दोघांचा.

आणखी एक चूक फार दिसते. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कापून त्यात कुत्र्याला पाणी ठेवतात. डबा दहा वेळा धुतला तरी त्यात विषाचा अंश राहतो. पिलासाठी मातीची परळ किंवा दगडाची छोटी कुंडी ठेवा. पाणी रोज बदला.

मग विहीर पाहा. कठडा नसेल तर निदान काटेरी फांद्यांचा आडोसा करा. शेततळ्याचा प्लास्टिक कागद तर फार फसवा. त्यात पडलेल्या जनावराची नखे घसरतात, वर येता येत नाही. काठावर खुंटी ठोकून गाठी मारलेला जाड दोर किंवा जुने टायर बांधलेली जाळी आत सोडून ठेवा. माणसाच्या लेकरालाही त्याचा आधार होतो.

तेरखेडेकरांना आणखी एक गोष्ट वेगळी सांगायला नको. सोलापूर-धुळे महामार्ग आपल्या उशाला आहे. गाड्यांना वेग आहे आणि पिलाला अक्कल नाही. पहिले तीन-चार महिने तरी रस्त्याच्या बाजूला कुडाचे किंवा जाळीचे कुंपण हवे.

निजायची जागा घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीलगत, वारा न लागणारी असावी. खाली तुराट्या, त्यावर तागाचे पोते पुरते. पोते आठ दिवसांनी कडक उन्हात टाका. रात्री पिलू उघड्यावर बांधू नका. बिबट्याला बांधलेले कुत्रे म्हणजे ताटात वाढलेले जेवण. २०२४ च्या डिसेंबरात तर आपल्या येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात टिपेश्वरकडून आलेला वाघ दिसला होता. जंगल आपल्याला वाटते तितके लांब नाही. दार असलेल्या खोपीत पिलू ठेवावे.

खाणे-पिणे

दोन महिन्यांच्या पिलाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. नुसत्या दुधावर किंवा नुसत्या शिळ्या भाकरीवर पिलू वाढत नाही, पोट तेवढे सुटते. भाकरी कुस्करून पातळ वरणात किंवा ताकात भिजवावी. मिठा-तिखटाची आमटी नको. उकडलेले अंडे मिळाले तर उत्तम. म्हशीचे घट्ट दूध दिले की हगवण लागते. द्यायचेच तर पाणी घालून थोडे द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात. शिजवलेल्या कोंबडीचे हाड चिरफळून आतड्यात रुतते, तेही देऊ नये.

जत्रेत, कंदुरीत बोकड किंवा मेंढी कापली की आतडी-फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकतात. हे पूर्ण बंद करा. त्या कच्च्या मांसात पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्यातून कुत्र्याच्या पोटात चपटे जंत होतात, जंतांची अंडी विष्ठेतून माणसाच्या हाताला लागतात आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी वाढतात. ते अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत.

जंताचे औषध आणि लस

पिलाला जंत आईच्या पोटातूनच आणि दुधातून येतात. म्हणून प्रत्येक पिलाला जंत आहेत असेच धरून चाला. तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. मात्रा वजनावर ठरते. गुरांच्या औषधाचा अंदाजाने घोट पाजू नये. अंगणातली विष्ठा रोज उचलून पुरावी आणि पोरांना जेवणाआधी हात धुवायची सवय लावावी.

सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्वो आणि डिस्टेंपर या रोगांची एकत्रित लस सुरू करावी. पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस चार महिन्यांच्या वयापर्यंत पुरे करावेत. तिसरा महिना भरला की रेबीजची लस, वर्षाने पुन्हा, आणि पुढे दर वर्षी. गोठ्याच्या खांबाला किंवा कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. म्हशीची रेतनाची तारीख लिहितो, तशीच.

मागच्या वर्षी ज्या घरात पिलू उलट्या आणि रक्ताची हगवण लागून मेले असेल, त्यांनी नीट ऐका. तो बहुधा पार्वो होता. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. अशा अंगणात लस पुरी न झालेले पिलू आणले तर त्याचीही तीच गत होईल. फरशी आणि भांडी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, जुने पोते जाळा आणि या घरी लस पुरी झालेलेच पिलू आणा.

गोचीड दिसली की हाताने किंवा चिमट्याने मुळाशी धरून काढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. नखाने चिरडू नये. पिकावर मारायचे औषध पिलाच्या अंगाला चोळणे म्हणजे पिलाला विष देणे. अंग चाटण्याची त्याची सवय आठवा.

आवाज, साखळी आणि तिखटपणा

आपल्या तेरखेड्याचे नाव फटाक्यांसाठी दूरवर माहीत आहे. माणसाला वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला चाळीस हजारांच्या वरचा. बारीकसा खडखडाटही त्याला आपल्या आधी कळतो. दिवाळीत, वरातीत, यात्रेत पिलाला आतल्या खोलीत, धान्याच्या पोत्यांआड जागा करून द्या. घाबरलेले पिलू दिसेल त्या वाटेने पळते आणि महामार्गावर जाते.

काही जण कुत्रे तिखट व्हावे म्हणून त्याचे कान कापतात, मिरची चारतात. कान कापल्याने जखम होते, माशा बसतात, आसड्या पडतात. तिखटपणा काही येत नाही. मिरचीने पोट बिघडते. राखण करायला कुत्र्याला घर आपले वाटावे लागते, एवढेच. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने असा छळ गुन्हा आहे. आखूड साखळीला दिवसचे दिवस बांधून ठेवणेही त्यातच येते.

आपल्या जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गचा खंडोबा. देवाबरोबर कुत्रे आहेच. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा घास आपण कुत्र्याला घालतो. त्या एका दिवसाचा मान बाकीच्या दिवशी परळभर पाण्याच्या आणि वेळेवर टोचलेल्या लशीच्या रूपाने पाळला, तर देवालाही ते आवडेल.

दात लागला तर

पिलाचा दात लागो, नख लागो, की आधीच्या जखमेवर त्याची लाळ लागो. पिलू घरचे असो की दारचे. लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तेल, मिरची, तंबाखू काही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कातडीत टोचायची असेल तर पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा तारखा असतात. पहिला दिवस शून्य धरून मोजायचे. रक्त निघाले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शन लागते, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा.

पोटात चौदा सुया टोचतात, ही भीती अजून म्हाताऱ्या माणसांच्या मनात आहे. ती जुनी लस २००५ च्या सुमारास आपल्या देशातून बाद झाली. आता दंडाला टोचतात आणि पोरगे घरी येऊन खेळायला जाते. चावणारे कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवावे, पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवू नये. एक सुई घेऊन बरे वाटले म्हणून पुढच्या तारखा चुकवू नयेत.

पहिली तयारी

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. पिलू घरात यायच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. पाणी कोण ठेवणार, घास कोण घालणार, लशीला कोण नेणार, हे ठरवावे. आणि मग घरच्या कर्त्या माणसाने लेकराला समोर बसवून सांगावे, "बाळा, पिलाचा दात लागला, नख लागलं, तर त्याच घडीला येऊन सांग. तुला कुणी रागावणार नाही. पिलाला कुणी घालवणार नाही."

हे एवढे बोलणे. त्याला पैसा लागत नाही, दवाखाना लागत नाही. पण हे बोलले नाही तर लेकरू हात खिशात घालते.

त्या वस्तीवरचा बाप दवाखान्याच्या पायरीवर बसून मला म्हणाला होता, "साहेब, चूक पोराची न्हाई. मीच त्याला बोलायची वाट ठेवली न्हाई." पुढच्या वर्षी त्यांनी दुसरे पिलू आणले. आणायच्या आधी बाप आणि लेक दोघे मिळून पशुवैद्याला भेटून आले, आणि मग म्हातारीने पोते अंथरले. मध्यंतरी त्या वस्तीवर गेलो तर ते कुत्रे बांधावरूनच माझ्यावर भुंकत आले. लेकाने नुसती हाक मारली आणि ते शेपूट हलवत त्याच्या पायाशी जाऊन बसले.

तुमच्याही दारात असेच एक राखणदार वाढो. पण आधी तयारी, मग पिलू.

रामराम.